ख्रिस्ती धर्मशास्त्रातील ईश्वरज्ञानाचा प्रश्न आणि रेव्ह. ना. वा. टिळक

प्रास्ताविक :
ईश्वर आहे की नाही या प्रश्नाइतकाच, तो मानवाला कळतो कसा हा प्रश्नही धर्मचिंतनात महत्त्वाचा आहे. मराठी वाचकाला तो नवा नाही. अंबाजोगाई येथे ज्यांची समाधी दाखविली जाते, त्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’त विचाराचा मार्ग आढळतो, तर नामदेव-तुकारामांच्या अभंगांत भक्तीचा. ख्रिस्ती धर्मशास्त्रातही बुद्धी आणि श्रद्धा यांचे नाते दीर्घकाळ वादाचा विषय ठरले आहे. प्रस्तुत लेखात या वादाचा परामर्श घेऊन रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या संदर्भात त्याची चिकित्सा केली आहे.

सामान्य व विशेष प्रकटीकरण :
ख्रिस्ती विचारानुसार मानव स्वबळावर ईश्वराचा शोध लावत नाही. ईश्वर स्वतःला प्रकट करतो म्हणूनच तो कळतो. या प्रकटीकरणाचे दोन प्रकार मानले जातात. सृष्टी व सदसद्विवेक यांतून सर्वांना होणारे ते सामान्य प्रकटीकरण. त्याचा आधार पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या व दुसऱ्या अध्यायांत आहे. येशू ख्रिस्ताच्या ठायी झालेले ते विशेष प्रकटीकरण. अदृश्य ईश्वर पुत्राच्या द्वारे ओळखता येतो, अशी योहानाच्या शुभवर्तमानाची भूमिका आहे.

या दोहोंपैकी पहिल्याचे मोल किती, यावर मतभेद आहेत. थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांच्या मते ईश्वराचे अस्तित्व बुद्धीने सिद्ध करता येते. त्रैक्यासारखे तत्त्व मात्र प्रकटीकरणाशिवाय कळत नाही. विसाव्या शतकात कार्ल बार्थ (१८८६-१९६८) यांनी निसर्गाधिष्ठित ईश्वरज्ञानाची कल्पनाच नाकारली. एमिल ब्रुनर यांना त्यांनी १९३४ मध्ये दिलेले ‘नाही!’ या शीर्षकाचे उत्तर प्रसिद्ध आहे. बार्थ यांची भूमिका काटेकोरपणे स्वीकारल्यास ख्रिस्तपूर्व वा ख्रिस्तेतर परंपरेतील ईश्वरानुभवाला ज्ञान म्हणता येत नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती विचारवंतांपुढील खरा पेच हाच होता.

तर्क आणि अनुभव :
नीळकंठशास्त्री गोरे (१८२५-१८९५) यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथात त्यांनी हिंदू दर्शनांचे तर्काने खंडन केले. त्यांच्या विचारांचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला व १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. परंतु ख्रिस्ती धर्म मिळाला तरी स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता, ही जाणीव आपल्याला पुढे काही वर्षांनी झाली, असे रमाबाईंनी आपल्या १९०७ मधील साक्षीत नमूद केले आहे. तत्त्वाला संमती देणे आणि ईश्वराची ओळख होणे यांतील हे अंतर लक्षणीय आहे. तर्क आडवाटा बंद करतो. भेट घडवून आणणे हे त्याचे काम नव्हे.

टिळकांची भूमिका :
टिळकांना प्रथम आकृष्ट केले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार सर्वज्ञात आहेत. या रूपकाचा सोयीचा अर्थ असा लावला जातो की, पैलतीर गाठल्यावर पुलाचे प्रयोजन संपते. टिळकांचे काव्य मात्र या अर्थाला दुजोरा देत नाही. धर्मांतरानंतरही त्यांनी अभंग व कीर्तन सोडले नाही. विठ्ठलाला माऊली म्हणणाऱ्या परंपरेतील या कवीने ख्रिस्तालाही माता व गुरू या नात्यांनी आळविले. पूल ओलांडल्यावरही ते पुलाचीच भाषा बोलत राहिले.

याचा धर्मशास्त्रीय निष्कर्ष महत्त्वाचा आहे. भाषा ही ज्ञानाचे केवळ वेष्टन नसेल, तर तुकारामांच्या भाषेतून होणाऱ्या ख्रिस्ताच्या ओळखीत तुकारामांच्या अनुभवाचाही वाटा मानावा लागतो. अशा वेळी सामान्य व विशेष प्रकटीकरण ही दोन धर्मांमधील सीमारेषा न राहता एकाच ओळखीच्या दोन अवस्था ठरतात. १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. त्यांच्या भूमिकेची ही प्रत्यक्ष परिणती होय.

मर्यादा :
या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. अनुभव हेच प्रमाण मानल्यास भ्रम आणि ज्ञान यांत भेद कसा करावा? बार्थ यांचा नकार येथे निरर्थक ठरत नाही. मानव स्वतःच्या इच्छांनाच ईश्वर मानू शकतो, हा इशारा त्यात आहे. टिळकांच्या ठायी ख्रिस्ताचे चरित्र हीच अनुभवाची कसोटी आहे. परंतु ती तुकारामांच्या अनुभवालाही लावावी की तो अनुभव स्वयंप्रमाण मानावा, याचे उत्तर त्यांचे काव्य देत नाही. ते कवी होते, पद्धतशीर धर्मशास्त्रकार नव्हते.

समारोप :
ईश्वरज्ञान म्हणजे ईश्वराविषयीची माहिती नव्हे, तर ईश्वराशी ओळख, हे रमाबाई व टिळक या दोघांच्या वाटचालीतून स्पष्ट होते. ओळखीत पुढाकार ईश्वराचा असतो, हा ख्रिस्ती सिद्धांत टिळकांनी सोडला नाही. तो पुढाकार मराठी भक्तिपरंपरेतही झाला असावा, ही शक्यता त्यांनी खुली केली. ती स्वीकारायची की नाकारायची, याचा निर्णय केवळ धर्मशास्त्राच्या आधारे करता येणार नाही. त्यासाठी अभंगवाङ्मयाचेही बारकाईने वाचन करावे लागेल. म्हणूनच टिळकांचा अभ्यास मराठी व तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे करणे आवश्यक ठरते.