चार मुलांची रेघ

कांहीं ग्रंथांचें भाग्य असें चमत्कारिक असतें कीं, त्यांतील एखादा आंकडा तेवढा लोकांच्या तोंडीं राहतो आणि तो कोणत्या मापानें काढला हें पाहण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. यॉर्क शहरांतील दारिद्र्यावरचा सीबोम राउन्ट्री यांचा १९०१ सालचा ग्रंथ या जातीचा आहे. चॉकलेटच्या कारखानदाराच्या या मुलानें १८९९ मध्यें आपल्या गांवचीं ११,५६० मजूर कुटुंबें घरोघर माणसें पाठवून तपासलीं आणि शहराच्या एकंदर वस्तीपैकीं शेंकडा २७.८४ लोक दारिद्र्यांत आहेत असा निर्णय दिला. त्यांपैकीं ज्या कुटुंबांना एक पैही वायां न घालवितां नुसतें शरीर धड राखणें शक्य नव्हतें, त्यांच्या स्थितीस त्यांनीं ‘प्राथमिक दारिद्र्य’ म्हटलें आणि तिचीं कारणें मांडलीं. या वर्गांतील शेंकडा ५१.९६ लोकांच्या बाबतींत कारण अपुरी मजुरी, शेंकडा २२.१६ लोकांच्या बाबतींत कुटुंबाचा विस्तार.

हा दुसरा आंकडा आम्हां सुशिक्षितांस मोठा सोयीचा वाटतो. पोरवडा वाढविला कीं दैन्य यावयाचेंच, असें दिवाणखान्यांत बसून म्हणण्यास त्यामुळें विलायती आधार मिळतो. तेव्हां तो कसा निघाला हें पाहणें जरूर आहे.

राउन्ट्री यांच्या हिशेबानें नवरा-बायको व दोन मुलें यांस आठवड्यास किमान १८ शिलिंग १० पेन्स लागत. तीन मुलें असल्यास २१ शिलिंग ८ पेन्स, चार असल्यास २६ शिलिंग. अकुशल मजुरास मात्र १८ ते २१ शिलिंगच मिळत. आतां, रेघ मारली ती चार मुलांवर. चार मुलें पोसण्यासही जी पुरत नाहीं ती मजुरी ‘अपुरी’. चारांस पुरली असती, पण पांचवें-सहावें आल्यामुळें तोकडी पडली, तेथें कारण ‘कुटुंबाचा विस्तार’. वाचकांनीं क्षणभर ही रेघ चारांवरून दोहोंवर आणून पाहावी. वीस शिलिंग मिळविणारा तीन मुलांचा बाप कालपर्यंत मालकाच्या कद्रूपणाचा बळी होता. तो आज एका रेघेसरशीं स्वतःच्या अविचाराचा बळी ठरतो. त्याच्या घरांत मात्र एका पेनीचाही फरक पडलेला नसतो! राउन्ट्री यांनीं रेघ सढळ हातानें ओढली हें त्यांच्या न्यायबुद्धीस भूषणावह आहे. पण ती त्यांनीं ओढलेली आहे, यॉर्कच्या गल्लींत त्यांना सांपडलेली नव्हे.

(हेंच माप हॅरल्ड मॅन यांनीं बेडफर्डशायरमधील रिजमाँट या खेड्यास लावलें होतें. १९०७ मध्यें ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले आणि १९१७ मध्यें पिंपळें सौदागर या गांवाची त्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथें त्यांचें लक्ष जमिनीच्या तुकड्यांवर आणि कर्जावर अधिक गेलें, हें सहज लक्षांत ठेवण्यासारखें आहे.)

माझ्या मतें ग्रंथांतील खरा मोलाचा भाग पुढेंच आहे. यॉर्कमधील अत्यंत गरीब थरांतला तेरा वर्षांचा मुलगा मजुरांपैकींच सुस्थित थरांतल्या मुलापेक्षां सरासरीनें साडेतीन इंच ठेंगणा भरला. सर्वांत गरीब वस्तींत दर हजारीं २४७ अर्भकें वर्ष पुरें होण्याच्या आंत दगावत. नोकर ठेवणाऱ्या वर्गांत ९४. कारणांचें कोष्टक एका प्रकरणांत आणि हे मृत्यु दुसऱ्या प्रकरणांत. त्यांची सांगड वाचकानेंच घालावयाची. ज्या वस्तींत चारांतलें एक मूल पहिल्या वर्षांतच पुरावें लागतें, तेथल्या आईला चारांची मर्यादा कोणत्या तोंडानें सांगावी?

तथापि एक प्रश्न उरतोच. ते साडेतीन इंच मजुरीनें खाल्ले कीं भावंडांनीं? राउन्ट्री यांनीं मुलें आर्थिक थरांप्रमाणें विभागलीं, भावंडांच्या संख्येप्रमाणें नव्हे. त्यामुळें त्यांच्या कोष्टकांतून याचा उलगडा होत नाहीं. तो पुष्कळ उशिरां झाला. जॉन बॉइड ऑर यांच्या नेतृत्वाखालीं १९३७ ते १९३९ मध्यें ब्रिटनमधील बहुतांशीं गरीब कुटुंबांच्या आहाराची व मुलांच्या प्रकृतीची पाहणी झाली होती. तीं जुनीं टिपणें घेऊन टिमथी हॅटन व रिचर्ड मार्टिन या संशोधकांनीं २०१० मध्यें दाखविलें कीं, भावंडें जितकीं अधिक तितकी उंची कमी, आणि जन्मक्रमांत मूल जितकें मागें तितकी ती आणखी कमी. उत्पन्नाचा परिणाम आहेच. पण संख्येचाही आहे. मजुरी वाढली कीं सारें आपोआप सुधारतें हा माझा तरुणपणापासूनचा समज होता, आणि तो या निष्कर्षापुढें टिकला नाहीं हें कबूल केलें पाहिजे. दुसरी गोष्ट मला अधिक लागली. आमच्या भाषेंत धाकट्यास शेंडेफळ म्हणतात व त्याचे सर्वाधिक लाड होतात असें आपण धरून चालतों. गरिबाच्या घरांत लाड होतही असतील, परंतु मोजपट्टी भिंतीला लावली कीं तोच सर्वांत कमी वाढलेला निघतो.

म्हणजे कुटुंबाचा आकार हें कारण खोटें नाहीं. खोटी आहे ती त्यावरून बापाला दोष देण्याची घाई. खुद्द राउन्ट्री त्या रेघेला चिकटून बसले नाहींत. १९१८ मध्यें किमान मजुरीचा हिशेब मांडतांना त्यांनीं ती तीन मुलांवर आणली आणि त्यापुढील मुलांचा भार सरकारनें भत्ता देऊन उचलावा असें सुचविलें. १९४५ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटानें कुटुंबभत्त्याचा कायदा केला. त्यांत पहिलें मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागें आठवड्यास पांच शिलिंग ठरले.