एका विशेषणाची झडती

पाचोडच्या वर्गात भाषांतराला उतारा दिला होता. 'एक्स्टीरिअर कास्ट्स' या शब्दांशी मुले अडली. एकाने 'बाहेरच्या जाती' लिहिले, दुसऱ्याने 'बाह्य जाती'. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कशाच्या बाहेरच्या?" इंग्रजीत हे विशेषण भिंतीला लागते, रंगाला लागते. ते जातीला कुणी आणि का लावले, हे त्या मुलाला सांगणे मला भाग होते.

'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव बाबासाहेबांना अपमानकारक वाटे. नोव्हेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेपुढील पुरवणी निवेदनात त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी 'नॉन-कास्ट', 'प्रोटेस्टंट' अथवा 'नॉन-कन्फर्मिस्ट' हिंदू असे पर्याय सुचविले. १९३१ च्या जनगणनेत आसामच्या अधीक्षकांनी 'एक्स्टीरिअर' वापरला व जनगणना आयुक्त हटन यांनी तो उचलला. हा 'आउट'चाच लांबवलेला अवतार आहे, हे हटन स्वतःच कबूल करतात.

तरीही १ मे १९३२ रोजी लोथियन मताधिकार समितीला दिलेल्या टिपणात बाबासाहेबांनी हे विशेषण स्वीकारले. कारण ते नेमके होते. अस्पृश्य हिंदू धर्माच्या आत, पण हिंदू समाजाच्या बाहेर! गरीब, अशिक्षित सवर्णाला 'डिप्रेस्ड' म्हणून या गटात घुसवण्याची पळवाट त्याने बंद होत होती. हा शब्द फक्त सौम्य आहे म्हणून घेतला, असे म्हणणाऱ्यांनी ते टिपण पुन्हा वाचावे.

परंतु त्याच वाक्यात बाबासाहेब दुसरा पर्यायही देतात: 'एक्स्क्लूडेड'. माझ्या मते खरा शब्द हाच. 'एक्स्टीरिअर' जागा दाखवतो, 'एक्स्क्लूडेड' कृत्य दाखवतो. भिंत बाहेर असते. माणूस बाहेर काढला जातो, आणि काढणारा कुणीतरी असतोच. मराठीत तर हा शब्द आधीच उभा होता. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चे 'बहिष्कृत भारत'. इंग्रजी सरकार जो शब्द चाचपडत होते तो आपल्या वस्त्यांतून आधीच छापून वाटला जात होता!

आणि 'बाह्य'? आपले पंडित भाषांतरात तो बिनदिक्कत वापरतात. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात संकरजातींना हेच विशेषण आहे, वर 'बाह्यतर' अशी पायरीही आहे. बाहेर असण्यातही उतरंड! महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जो ग्रंथ जाळला, त्याचाच शब्द जनगणनेच्या दाराने आपण आत घ्यायचा काय?

पुढे १९३५ च्या कायद्याने 'शेड्यूल्ड' आणला, १९३६ च्या आदेशाने यादी आली. कायद्याला यादी लागते, हे मान्य. हा शब्द कुणाला बोचत नाही, कारण तो काही सांगतच नाही. १९५६ ला नागपुरात 'धर्माच्या आत' ही अर्धी व्याख्या आपण स्वतःच पुसली. तरी बौद्धांना केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडले.

त्या मुलाच्या वहीत मी 'बाह्य' खोडून 'बहिष्कृत' लिहिले. शब्दाला शब्द म्हणून ते चूक आहे, हे मला कळते. परीक्षकाने गुण कापले तर कापो.