शॉर्टकट शंभर, अर्थ कोण सांगणार?

शाळेचा पूर्ण पत्ता, प्रगतिपुस्तकातील ठरावीक शेरे, पालकांना पाठवायच्या पत्राचा मायना हा मजकूर संगणकावर पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. दोन-तीन अक्षरांचा संक्षेप लिहिला आणि स्पेसची कळ दाबली, की पूर्ण वाक्य उमटते, अशी सोय कोणाला नको आहे? अशा दहा संक्षेपांची व्यवस्था कोणालाही ठेवता येते. प्रश्न उभा राहतो तो त्यांची संख्या शंभर-दोनशे झाली म्हणजे.

या कामासाठी विंडोजवर वापरले जाणारे एक प्रसिद्ध साधन म्हणजे ऑटोहॉटकी. क्रिस मॅलेट यांनी ते २००३ मध्ये प्रसिद्ध केले. ते विनामूल्य आहे. आपल्याला हव्या त्या आज्ञा एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहायच्या, या फाईललाच स्क्रिप्ट म्हणतात. संक्षेपाच्या आधी दोन अपूर्णविराम, नंतर दोन, आणि पुढे पूर्ण मजकूर. एवढ्या एका ओळीत काम होते. एकच कळ एका प्रोग्रॅममध्ये एक काम करील आणि दुसऱ्यात वेगळे, असेही सांगता येते.

याचा खरा गुण मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शंभर संक्षेपांसाठी शंभर ओळी लिहायलाच हव्यात असे नाही. संक्षेप आणि त्यांचा विस्तार एका वेगळ्या तक्त्यात ठेवावा. स्क्रिप्टमधील चार-पाच ओळी तो तक्ता वाचून सगळे संक्षेप तयार करतील. माहिती एकीकडे, कृती दुसरीकडे. संगणकशास्त्रातील हे महत्त्वाचे तत्त्व विद्यार्थ्यांना शिकवायला याहून सोपे उदाहरण सहसा सापडणार नाही.

आता दोषांकडे वळू. कोणत्या कळा कामाला लावल्या आहेत याची यादी ऑटोहॉटकी दाखवते, पण अमुक कळ कशासाठी आहे हे ती यादी सांगत नाही. तो अर्थ राहतो स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यात. त्या शिक्षकाची बदली झाली की मागे उरते ती न कळणाऱ्या खुणांची फाईल.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात टेको नावाचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम वापरात होता. त्यात कळांना स्वतःचे मॅक्रो जोडण्याची सोय झाली आणि ज्याने त्याने आपापले संच रचले. परिणामी एकाची कळ दुसऱ्याला कळेना. गाय स्टील यांनी १९७६ मध्ये हे संच एकत्र आणण्याचे काम हाती घेतले व रिचर्ड स्टॉलमन यांनी ते पुढे नेले. त्यातून ईमॅक्स जन्माला आला. त्याच्या नावातच ‘मॅक्रो’ हा शब्द दडलेला आहे.

ईमॅक्सने शोधलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. त्यात कळ ही थेट कृतीला जोडलेली नसते. ती एका नाव असलेल्या आज्ञेला जोडलेली असते, आणि आज्ञेबरोबर तिचे वर्णनही लिहून ठेवता येते. कंट्रोल-एच, मग के, आणि नंतर हवी ती कळ दाबली की त्या कळीची आज्ञा व तिचे वर्णन पडद्यावर येते. कळ विसरली तरी आज्ञेच्या नावाने काम होते. शिवाय कंट्रोल-सी आणि त्यापुढे एक अक्षर ही जागा वापरणाऱ्यासाठी राखून ठेवण्याचा संकेत आहे. त्यामुळे प्रोग्रॅमच्या कळा आणि आपल्या कळा यांची टक्कर टळते.

ईमॅक्सही निर्दोष नाही. कंट्रोलची कळ सतत दाबावी लागल्याने करंगळी दुखते ही त्याच्या वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. नवख्या माणसाला तो अवघड जातो, आणि त्याची ही शिस्त त्याच्या स्वतःच्या चौकटीपुरतीच चालते. ऑटोहॉटकी मात्र विंडोजवरील बहुतेक सर्व प्रोग्रॅममध्ये चालते. व्याप्तीत ऑटोहॉटकी सरस, समजुतीत ईमॅक्स, असा माझा निष्कर्ष आहे.

आणखी दोन गोष्टी ऑटोहॉटकी वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. संक्षेप ओळखायचा तर प्रोग्रॅमला आपण दाबलेली प्रत्येक कळ पाहावी लागते. म्हणून अनोळखी माणसाची स्क्रिप्ट न वाचता चालवू नये, आणि पासवर्ड तर संक्षेपात कधीच ठेवू नये. दुसरे असे, की २०२२च्या डिसेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिण्याचे नियम बदलले. जुन्या स्क्रिप्ट तिच्यात सहसा जशाच्या तशा चालत नाहीत. ज्यांनी आपले संक्षेप वेगळ्या तक्त्यात ठेवले, त्यांना थोड्याच ओळी बदलाव्या लागतात.

ऑटोहॉटकीची उणीव भरून काढणे आपल्या हाती आहे. तक्त्यात संक्षेप आणि विस्तार यांच्या जोडीला तिसरा रकाना करावा: हा संक्षेप कशासाठी, कोणी, कधी घातला. ज्याला एरवी शब्द म्हणून अर्थ आहे असा संक्षेप निवडू नये, नाहीतर भलत्या ठिकाणी भलताच मजकूर उमटेल. वर्षातून एकदा न वापरलेले संक्षेप काढून टाकावेत. मग तो तक्ता दुसऱ्या शिक्षकाच्या किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. आपल्याला काहीही न विचारता त्याला तो वापरता आला, तरच त्या संक्षेपांनी शाळेचे श्रम वाचवले असे म्हणता येईल.