मध्यरात्रीची वरात

12 नोव्हेंबर 2023 चा रविवार लक्ष्मीपूजनाचा होता. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या सोसायट्यांतून संध्याकाळी पणत्या लागायच्या होत्या, आणि त्याच दिवशी तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेला जे शुभवर्तमान वाचलं गेलं तेही दिव्यांचंच होतं: मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दहा कुमारींचा दृष्टान्त. हा मेळ कुणी घातलेला नव्हता. उपासनेतलं वाचनचक्र तीन वर्षांनी फिरतं, पंचांग आपल्या गतीने चालतं. 2026 च्या 8 नोव्हेंबरला ती दोन्ही पुन्हा एकाच रविवारी भेटतात. आपल्या उपनगरांत हा दृष्टान्त वाचायला याहून सुरेख दिवस कुठला असणार?

त्याआधीच्या अध्यायात येशू युगान्ताविषयी बोलतो तेव्हा सूर्य अंधारतो, तारे गळून पडतात, आकाशाची बळं डळमळतात. आणि पान उलटून पाहावं तर आपण लग्नघरी आलेले असतो! ज्याच्या पुनरागमनाच्या कल्पनेने काळजाचा थरकाप व्हावा, तो इथे नवरदेव होऊन येतो आहे, आणि त्याला सामोऱ्या जायला दहा मुली हातात दिवे घेऊन निघाल्या आहेत. वधू मात्र कुठेच दिसत नाही. कथाकाराने ती जागा मोकळी सोडली आहे, आणि मला ती मोकळी जागा फार अर्थपूर्ण वाटते, कारण ख्रिस्ती परंपरेने त्या जागी साऱ्या श्रद्धावंतांच्या मंडळीलाच पाहिलं आहे.

वराला उशीर होतो. का होतो, हे सांगितलेलं नाही. वरात वेळेवर पोहोचल्याचं आपल्याही ऐकिवात क्वचितच असतं, म्हणून हा तपशील आपण सहज ओलांडून जातो. पण सगळी कथा या उशिरावरच उभी आहे. वर संध्याकाळीच आला असता तर दहाही दिवे सारखेच उजळले असते, आणि शहाणी कोण, वेडी कोण, हे कुणाला कधी कळलंच नसतं.

मग येतो तो माझ्या मते या दृष्टान्तातला सर्वांत कोमल तपशील. दहाही जणींचा डोळा लागतो. शहाण्या पाच जणी खडा पहारा देत बसल्या आणि वेड्या तेवढ्या झोपल्या, असं रचणं सोपं होतं, बोध त्याने अधिक ठसठशीतही झाला असता. पण येशू माणसाचं शरीर ओळखतो, थकवा ओळखतो, आणि झोपल्याबद्दल एकीलाही बोल लावत नाही. संत ऑगस्टीनने या निद्रेत मरण पाहिलं: शहाणे असोत की नसोत, वाट पाहता पाहता सारेच त्या झोपेत जातात. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. 2 तारखेला दफनभूमीतल्या कबरींवर फुलं वाहिलेली असतात, मेणबत्त्या लावलेल्या असतात, आणि दहाच दिवसांनी हे वाचन कानांवर येतं तेव्हा ऑगस्टीनचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या रविवारी वाचलेलं पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पत्रही हाच धीर देतं, की प्रभूच्या येण्याआधी गेलेले मागे राहणार नाहीत.

भेद आहे तो कुपीतल्या जास्तीच्या तेलाचा: शहाण्या पाच जणींनी ते बरोबर आणलेलं असतं, वेड्यांनी नाही. मध्यरात्री हाक उठते, वाती सरसावल्या जातात, आणि शहाण्या मुली तेल द्यायला नकार देतात. इथे वाचक थबकतो, आणि थबकावंच. ज्याने दोन अंगरखे असलेल्याने एक द्यावा ही शिकवण ऐकलेली आहे, त्याला हे कृपण वाटणारच. पण तेल म्हणजे ऑगस्टीन सांगतो तसं प्रेम असेल, वर्षानुवर्षं केलेली प्रार्थना आणि सेवा असेल, तर ते गायकाच्या रियाजासारखं आहे: मैफलीच्या रात्री शेजाऱ्याकडून उसनं आणता येत नाही.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा युगान्त अनेकांना दारात उभा दिसला असेल. वांद्रे, कुर्ला, अंधेरीच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन कुटुंबांनी त्या काळात वाटेवर क्रूस उभारले. काहींच्या चौथऱ्यांवर कोरलेली सालं आजही वाचता येतात. उत्तुंग इमारतींच्या कुशीत, रिक्षांच्या गर्दीत, तिथे झेंडूचा हार असतो, मेणबत्ती असते, ठरल्या दिवशी रोझरीसाठी शेजारपाजार जमतो. कुपीतलं तेल कसं दिसतं, हे पाहायचं असेल तर आपण इथे क्षणभर उभं राहावं. साथ ओसरली, पिढ्या बदलल्या, भोवतालची भातशेती गेली, तरी प्रार्थनेचा नेम चालू आहे.

याहून जुन्या दगडी क्रुसांवर दुःखसहनाची चिन्हं कोरलेली असतात: शिडी, हातोडा, खिळे, कुठे कोंबडाही. हा कोंबडा पेत्राचा. त्याने तीनदा गुरूला नाकारलं तेव्हा आरवलेला. पण 3 डिसेंबर 2023 ला आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मार्काच्या तेराव्या अध्यायातलं जे वाचन झालं, त्यातही कोंबडा आहे. घरधनी परतेल तो संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी, हे चाकरांना ठाऊक नाही. हे ऐकणाऱ्या चौघा शिष्यांत पेत्र होता. मार्काची पुढची पानं उलटली की तेच चार प्रहर एकामागून एक उगवतात: संध्याकाळी अखेरचं भोजन, रात्री गेथशेमानी, जिथे पेत्र झोपतो, कोंबडा आरवताना नकार, आणि सकाळी पिलाताचा दरबार. जागं राहा, हे ज्याला समोर बसवून सांगितलं होतं तो झोपला, घसरला, रडला. आणि रोममध्ये ख्रिस्तासाठी प्राण देणारा पेत्र तोच.