दोनशे दहा दिवसांचा हिशेब

आत्याच्या शेवटच्या चार महिन्यांत तिच्या उशाशी क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली असे. रोज १० ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्या. त्यांनी तिला जुलाब होत. औषध लागू पडल्याची ती खूण आहे, असे मी तिला सांगत असे. गोष्ट १९९० च्या सुमाराची. माझा आधार होता ‘कॅन्सर अँड व्हिटॅमिन सी’ हे १९७९ साली निघालेले पुस्तक. लेखक स्कॉटलंडमधले शल्यचिकित्सक इवन कॅमरन आणि रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग. पॉलिंग यांच्या नावावर रसायनशास्त्राचे १९५४ चे आणि शांततेचे १९६२ चे, अशी दोन नोबेल पारितोषिके. इतक्या मोठ्या नावापुढे प्रश्न विचारायचे मला सुचले नाही. ज्या शोधनिबंधावर पुस्तक उभे आहे, तो मी वाचला आत्या गेल्यानंतर.

निबंध १९७६ चा. व्हेल ऑफ लेव्हन रुग्णालयातल्या १०० असाध्य कर्करोग्यांना कॅमरन यांनी क जीवनसत्त्व दिले. त्यांच्याशी ताडून पाहायला जुन्या नोंदींतून १००० रुग्ण काढले; एकास दहा, वय, लिंग आणि कर्करोगाचा प्रकार जुळवून. जीवनसत्त्व घेतलेले सरासरी २१० दिवसांहून अधिक जगले, बाकीचे ५०. चौपटीहून जास्त! पहिल्या वाचनात मीही थक्क झालो.

पण हे दिवस मोजायला सुरुवात कुठून केली? रुग्ण ‘असाध्य’ ठरला त्या दिवसापासून. खरी मेख इथे आहे. एका गटात हा निर्णय समोर बसलेल्या, उपचार सुरू करता येतील अशा माणसाबद्दल घेतला गेला. दुसऱ्या गटात तो मागाहून कागद वाचून ठरवला. असाध्य ठरल्यावर दोन दिवसांत दगावलेला माणूस जुन्या नोंदींत सापडतो. जीवनसत्त्व सुरू केलेल्यांच्या यादीत तो बहुधा येतच नाही. वय-लिंग कितीही जुळवले तरी ही फट बुजत नाही. शिवाय सरासरी फसवी असते. मूठभर माणसे वर्षानुवर्षे जगली की ती सगळ्या गटाला वर ओढते. यात कुणाची लबाडी होती असे मला वाटत नाही. कुणाला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवले असते, तर हा प्रश्न उद्भवला नसता.

मेयो क्लिनिकने तेच केले. १९७९ च्या चाचणीत काहींना रोज १० ग्रॅम जीवनसत्त्व, काहींना तशाच दिसणाऱ्या दुग्धशर्करेच्या गोळ्या. कोणाला काय मिळते ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरांना. दोन्ही गटांत फरक नाही. पॉलिंग म्हणाले, यांतल्या बहुतेकांनी आधी केमोथेरपी घेतली होती, त्यांची प्रतिकारशक्ती खचलेली होती. आक्षेप रास्त होता. म्हणून १९८५ साली केमोथेरपी न घेतलेल्या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली. पुन्हा तेच. आता पॉलिंग यांची तक्रार अशी की गोळ्या फार लवकर थांबवल्या. दर वेळी अट बदलणारा दावा खोटा ठरवायचा तरी कसा?

जीवनसत्त्वांना अशी परीक्षा मानवत नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी फॉलिक आम्लाचे उदाहरण देतो. आधीच्या खेपेस बाळाच्या मज्जारज्जूत दोष आढळलेल्या १८१७ स्त्रिया, सात देश, अशीच चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी. १९९१ साली निष्कर्ष आला: तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण फॉलिक आम्लाने ७२ टक्क्यांनी घटले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

पॉलिंगच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. कॅमरन सुरुवातीचे काही दिवस जीवनसत्त्व शिरेतून देत, मग तोंडाने. मेयोने फक्त तोंडाने दिले. तोंडाने कितीही घेतले तरी रक्तातली पातळी एका मर्यादेपुढे चढत नाही, शिरेतून मात्र ती कितीतरी पट चढते, हे पुढच्या संशोधनात दिसले. म्हणजे मेयोने कॅमरनचा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा केलाच नव्हता. याने कॅमरन खरे ठरत नाहीत. मेयोने नेमके काय खोडले, एवढेच स्पष्ट होते. खोडल्या होत्या त्या गोळ्या.

आत्या गोळ्याच घेत होती. आणि मेयोचे दोन्ही निष्कर्ष मी ते पुस्तक उघडण्याच्या कितीतरी आधी छापून झाले होते.