कोड उघडा, पण वाचतो कोण?

एरिक रेमंड यांच्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या १९९७च्या निबंधाचा दावा असा, की कोड खुला असला, बघणारे पुष्कळ असले, की दोष लपत नाहीत. मंडळी, त्याच्याशेजारी लिनक्सवरची ‘लिबएलझेडएमए’ लायब्ररी ठेवून बघा. टोपणनावानं वावरणाऱ्या एकानं दोनेक वर्षं उपयोगी कोड दिला, ती एकट्यानं सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावला आणि २०२४मध्ये ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला, कारण एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता. कोड खुला होता म्हणून माग काढता आला, हे खरंच. पण त्याआधी वाचला कुणी? रेमंड बघणारे गृहीत धरतात. ते आपोआप येत नाहीत. योगदान द्यायचंय ना? मग आधी दुसऱ्याचा पॅच नीट वाचा.