‘फायर’, ‘मित्राची गोष्ट’ आणि नावांचं भांडण

सार्वजनिक कला, धर्म आणि समलिंगी माणसांचा स्वीकार या तीन गोष्टी एकत्र आल्या की भांडण नेमकं कशावरून पेटतं, हे आज आपण पाहणार आहोत. असलं भांडण लहान गावातलं असतं, असा आपला समज असतो. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे भिंतीवरचं एखादं चित्रसुद्धा गावाच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसतं. पण गिरगाव, दादर, परळ, लालबाग ही तरी काय आहेत? महानगराच्या पोटातली चार गावंच. चाळीची एक गॅलरी, गल्लीचा एक गणपती, आणि कोणाकडे कोण किती वाजता आलं याची बिनचूक नोंद ठेवणारे शेजारी. म्हणून उदाहरण आपण आपल्याच शहरातलं घेऊ. १९९८ सालचं ‘फायर’ प्रकरण.

दीपा मेहता यांचा हा चित्रपट १९९६ चा, मूळ इंग्रजीत. दिल्लीतलं एक एकत्र कुटुंब. थोरली सून राधा म्हणजे शबाना आझमी, धाकटी सीता म्हणजे नंदिता दास. थोरल्या भावाने स्वामींच्या नादाने ब्रह्मचर्य धरलंय, धाकट्याचं बाहेर प्रकरण आहे. या घरात दोन जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात. नोव्हेंबर १९९८ मध्ये चित्रपट भारतात लागला. २ डिसेंबरला शिवसैनिक गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये घुसले, काचा फुटल्या, पोस्टरं जाळली गेली. थिएटर उपनगरातलं खरं, पण या आंदोलनाचं घर दादरला, सेना भवनात. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी, दादरचेच नेते, त्यांनी आंदोलकांचं जाहीर कौतुक केलं. दिलीपकुमार वगैरे मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली, तर त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर अर्धनग्न निदर्शनं झाली. चित्रपट परत सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये काटछाट न होता परत आला.

हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. आपल्याला त्यातल्या एका बारीक गोष्टीपाशी थांबायचंय. ती म्हणजे नावं.

बाळासाहेब ठाकरे यांचा एक आक्षेप असा होता की, या बायकांची नावं राधा आणि सीताच का, मुस्लिम नावं का नाहीत? आता हे वाक्य उलटून बघा. नाव बदललं की हरकत मिटणार असेल, तर मग प्रश्न दोन स्त्रियांच्या प्रेमाचा उरतो कुठे? प्रश्न एवढाच उरतो की हे ‘आपल्या’ घरात घडलं असं दिसता कामा नये. आणि हे काही एकट्या सेनेचं म्हणणं नव्हतं. हिंदी आवृत्तीत सीतेची ‘नीता’ सेन्सॉर बोर्डाने आधीच करून टाकली होती. म्हणजे काच फुटायच्या आधीच सरकारी कागदावर तडजोड झालेली होती. संबंध राहू दे, नाव तेवढं काढा.

इथे कोणी म्हणेल, श्रद्धा ही चेष्टेची गोष्ट नाही. राधा आणि सीता ही आमच्यासाठी नुसती नावं नव्हेत. हा आक्षेप आपण गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण तो खराच आहे. पण तो खरा आहे म्हणूनच त्याला आपल्याच परंपरेतलं उत्तरही आहे. जात्यावरच्या ओव्या आठवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून त्या हजारोंनी गोळा केल्या. त्यांत सीता किती वेळा येते! आणि येते ती बहुतेक वेळा वनवासाला धाडलेली बाई म्हणून. दळणाऱ्या बाईने सीतेचं नाव घेऊन स्वतःचा सासुरवास सांगितला. तेव्हा कोणी म्हटलं नाही की तुझं दुःख सांगायला दुसरं नाव शोध. कोकणातून, घाटावरून गिरणगावात आलेल्या कित्येक बायकांच्या मागे हीच परंपरा उभी होती. देवीचं नाव आपल्या सुखदुःखाला लावायचा हक्क बायकांनी कोणाला विचारून घेतला नव्हता. मेहतांची सीता त्या रांगेत मोडते. ती देवळातली सीता नाही, ओवीतली आहे.

चित्रपट निर्दोष आहे असं मात्र नाही. त्याची मोठी अडचण अशी की, प्रेमाला तो कारण पुरवतो. नवरा संन्यासी, दुसरा नवरा बाहेरख्याली, म्हणून मग या दोघी. पाहणाऱ्याला सहज वाटतं, नवरे धड असते तर हे झालंच नसतं! मेहतांनीही तेव्हा सांगितलं की चित्रपट समलिंगी संबंधांविषयी नसून एकटेपणाविषयी आहे. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या कित्येकांनीही अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं, कलेचं स्वातंत्र्य म्हटलं, गुंडगिरीचा निषेध केला. सगळं रास्तच. पण ज्या बायकांबद्दल हे चाललं होतं त्यांचं नाव त्यांच्या बाजूचेही घेईनात. दिल्लीत रीगल थिएटरसमोर ७ डिसेंबरला निदर्शनं झाली, तिथे एका फलकावर ‘भारतीय’ आणि ‘लेस्बियन’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आले, आणि त्याची मोठी बातमी झाली. दोनच शब्द! एवढी त्यांची टंचाई होती. चित्रपटातली सीताही म्हणतेच ना, की आपण एकमेकींच्या कोण, याला आपल्या भाषेत शब्द नाही.

मराठीत शब्द होता का? आपल्याकडे ‘मित्राची गोष्ट’ होतं. विजय तेंडुलकरांचं, १९८१ चं नाटक, दिग्दर्शन विनय आपटे यांचं, मुख्य भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. काळ स्वातंत्र्याआधीचा, पुण्यातलं कॉलेज. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. आता शीर्षक पाहा. ‘मित्राची’ हे रूप मित्र या शब्दाचंही होतं आणि मित्रा या मुलीच्या नावाचंही. जाहिरात वाचणाऱ्याला कळणारच नाही की ही कोणाची गोष्ट. मराठी व्याकरणाने तिला लपायला जागा दिली. ‘सखाराम बाइंडर’सारखी न्यायालयीन लढाई या नाटकाच्या वाट्याला आली नाही. पण आतली मित्रा बघा. तिची गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. ती स्वतः शेवटी जीव देते. पुढे चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’ लिहिलं, त्यात मुलाची डायरी वाचून आईला कळतं की तो समलिंगी आहे. तिथेही बोलते ती आई. गोष्ट ज्याची आहे त्याच्या तोंडी गोष्ट द्यायला आपल्या रंगभूमीला अवघड गेलं, असं म्हणावं लागतं. या बाबतीत, सगळे दोष धरूनही, ‘फायर’ पुढे आहे. राधाच्या पदराला स्वयंपाकघरात आग लागते आणि तरी ती जगते. शेवटच्या दृश्यात दोघी निजामुद्दीनच्या दर्ग्यात भेटतात, जिवंत. मित्राला तेवढंही मिळालं नव्हतं.

हे सगळं चाळीपर्यंत आणू या. दोन बायका एका खोलीत वर्षानुवर्षं राहतात. शेजारी काय म्हणतात? ‘मैत्रिणी आहेत’, ‘सख्ख्या बहिणींसारख्या राहतात हो’. हळदीकुंकवाला दोघींना बोलावणं, गणपतीत दोघींच्या हातची मोदकाची उकड. हा स्वीकार खोटा नाही, त्यात माया आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती सेन्सॉर बोर्डाचीच अट आहे. संबंध राहू दे, नाव घेऊ नका. ज्या दिवशी त्यांतली एक म्हणेल की ही माझी मैत्रीण नव्हे, जोडीदार आहे, त्या दिवशी हळदीकुंकवाचं आमंत्रण राहील का? आणि एक आजारी पडली, सही नातेवाइकाची हवी म्हणाले, तर ‘बहिणीसारखी’ हा शब्द कोणत्या रकान्यात बसणार? मायेने दिलेला आडोसा अशा वेळी उपयोगी पडत नाही.

कायदाही अजून याच उंबऱ्यावर आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला हा गुन्हा काढून टाकला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं. एकत्र राहा, पण त्याला लग्न म्हणू नका.

रस्त्यावर मात्र थोडं वेगळं घडलंय. १६ ऑगस्ट २००८ ला ‘क्वीअर आझादी मुंबई’चा मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला आणि गिरगाव चौपाटीला आला. गणपती ज्या वाळूवर विसर्जनाला येतात त्याच वाळूवर. काहींनी तोंडावर मुखवटे चढवले होते, कारण रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तर? ती भीती गावातलीच होती. पण ते आले, आणि मोर्चा आपलं नाव घेऊन चालला.

‘फायर’चं भांडण संस्कृतीचं होतं असं आपण पंचवीस वर्षं म्हणत आलोय. ते शेजारपणाचं होतं. आपल्या भिंतीपलीकडच्या माणसाला तो स्वतःला जे म्हणतो त्या नावाने आपण हाक मारणार की आपल्याला सोयीचं नाव देणार, एवढाच त्यातला प्रश्न होता. सेनेने दगडाने उत्तर दिलं, बोर्डाने पेनाने दिलं, आणि आपण बहुतेकांनी ‘मैत्रिणी आहेत’ म्हणून दिलं. पहिल्या दोन उत्तरांवर टीका करणं सोपं आहे. तिसऱ्यावर आज इथे बोलायला हवं, म्हणून आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.